तेल आलं, तेव्हा सापळा तयार होता का?

मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर समुद्र जेमतेम ७५ मीटर खोल आहे. या भागात समुद्रतळाखाली जे खडकांचे थर लागतात, त्यांना भूवैज्ञानिकांनी दिलेली नावं वाचताना कोकणातल्या एसटी स्टँडवरचा फलक वाचल्यासारखं वाटतं. वर चिंचणी, मग वांद्रे, रत्नागिरी, अलिबाग, त्याखाली वसई, देवगड आणि बऱ्याच खाली पन्ना. त्याच्याही खाली अनेक ठिकाणी काळा बसाल्ट लागतो. रायगड ज्या पाषाणावर उभा आहे तोच हा पाषाण, फक्त इथे तो समुद्राखाली हजारो मीटर गाडला गेलेला आहे.

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजवजा रिगने इथे विहीर खोदली आणि तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेच हे बॉम्बे हाय, आताचं मुंबई हाय. तिथलं मुख्य तेल साधारण १३०० ते १४०० मीटर खोलीवरच्या चुनखडकात आहे. कामावरची माणसं त्या थराला 'एल-थ्री' म्हणतात. भूवैज्ञानिकांच्या यादीत तो रत्नागिरी गटात येतो.

पण हे तेल या चुनखडकात तयार झालेलंच नाही. ते तयार झालं कितीतरी खोल, बाजूच्या खचलेल्या भागांत, पन्ना गटाच्या काळ्या चिखलखडकांत. तिथून ते निघालं, सरकत सरकत वर आलं आणि इथे अडकलं. मग प्रश्न पडतात. निघालं कधी? आलं कुठल्या वाटेने? वाटेत किती हरवलं? आल्यावर किती गळालं? यांतली एकही गोष्ट घडताना कुणी पाहिलेली नाही. तरी आकड्यांत उत्तर द्यावं लागतं, कारण समुद्रात एक विहीर खोदायला कोट्यवधी रुपये लागतात.

ही उत्तरं शोधण्याच्या पद्धतीला बेसिन मॉडेलिंग म्हणतात. बेसिन म्हणजे गाळाने भरलेलं खोरं. त्या खोऱ्याचा कोट्यवधी वर्षांचा इतिहास संगणकात पहिल्यापासून पुन्हा घडवायचा, एकेक थर रचत, प्रत्येक टप्प्यावर तापमान आणि दाब मोजत. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा गाभा एकच आहे: घटनांचा क्रम. तेल तयार होणारा खडक हवा, साठवणारा खडक हवा, वरून झाकणारा खडक हवा, सापळा, म्हणजे तेल अडून राहील असा घुमटासारखा उंचवटा, हवा. पण चारही असून ते चुकीच्या क्रमाने घडले असतील, तर हाती येतं खारं पाणी.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. समुद्राखाली तेलाचं तळं नसतं. तेल असतं खडकाच्या बारीक छिद्रांत, जसं पाणी भिजलेल्या विटेत असतं. वीट पाण्यात टाकली की बुडबुडे येतात, म्हणजे आत मोकळी जागा होती. तशीच जागा वाळूच्या आणि चुनखडकाच्या पोटात असते. सुरुवातीला ती सगळी खाऱ्या पाण्याने भरलेली असते, आणि तेलाला आपली जागा त्या पाण्याला ढकलूनच मिळवावी लागते.

दबलेली गादी पुन्हा पिंजायची

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनचा लाव्हा वाहत होता. त्याच सुमारास भारताच्या पश्चिम कडेचं कवच ताणलं जात होतं आणि आज सेशेल्स बेटांखाली असलेला तुकडा आपल्यापासून सुटत होता. ताणलं गेलेलं कवच पातळ होतं, तुटतं, त्याचे काही पट्टे खचतात आणि काही उंच राहतात. खचलेल्या पट्ट्यांत पाणी साचलं, दलदली झाल्या, चिखल बसला. त्या चिखलात पानं, लाकूड आणि शेवाळ पडलं. प्राणवायू न पोचणाऱ्या जागी ते पुरतं कुजलं नाही, टिकून राहिलं. पन्ना गटाचे काळे खडक आणि त्यातले कोळशाचे पट्टे असे झाले.

मॉडेल करणारा माणूस आजच्या चित्रापासून सुरुवात करतो. भूकंपलहरींच्या (म्हणजे मुद्दाम निर्माण केलेल्या, थरांवरून परत येणाऱ्या लहरींच्या) सर्वेक्षणातून थरांचे नकाशे मिळतात आणि विहिरींतून वयं. मग तो सगळ्यांत वरचा थर काढून टाकतो. ओझं कमी झालं की खालचे थर थोडे फुगतात. मग पुढचा थर काढतो. असं करत तळापर्यंत जातो. ताज्या चिखलात ६० ते ७० टक्के पाणीच असतं. तीन किलोमीटर खाली दाबला गेला की ते १०-१५ टक्क्यांवर येतं. म्हणजे आज १०० मीटर जाड दिसणारा चिखलखडक साचताना सुमारे अडीचशे मीटर असू शकतो. वर्षानुवर्षं वापरून दबलेल्या गादीचा कापूस पिंजून पुन्हा फुगवावा, तसं हे काम आहे. ते झालं की फिल्म उलटी फिरवायची. आता प्रत्येक थर आपापल्या काळी साचतो, दबतो, खाली जातो.

यात सगळ्यांत अवघड असतात ते गायब झालेले थर. मुंबई हायचा माथा काही काळ पाण्याबाहेर होता. उघडा पडलेला भाग झिजतो, आणि तिथे पूर्वी किती जाडीचा थर होता याचा पुरावा त्याच्यासोबत जातो. आजूबाजूच्या विहिरींवरून आणि खडक किती दबला गेलाय यावरून तो आकडा बांधावा लागतो. या एका अंदाजावर पुढचं अख्खं गणित हलू शकतं, म्हणून जाणते लोक इथे सर्वाधिक वेळ घालवतात.

आच किती, आणि किती वेळ

तेल जिथे तयार होतं त्या भागाला या व्यवसायात 'किचन' म्हणतात. शब्द अगदी चपखल आहे. चिखलात अडकलेल्या जैविक पदार्थाचं गाडलं गेल्यावर केरोजेन नावाच्या घट्ट, न विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर होतं. केरोजेन तापलं की त्याचे मोठे रेणू तुटतात. साधारण ६० ते १२० अंश सेल्सियसच्या दरम्यान मुख्यतः तेल सुटतं. १५० च्या पुढे गेलं की उरलेलं केरोजेन गॅस देतं, आणि मागे राहिलेलं तेलही तुटून गॅस होऊ लागतं. कशातून काय निघेल हे मूळ मालावर ठरतं. शेवाळापासून आलेलं केरोजेन तेल जास्त देतं, लाकूडफाट्यापासून आलेलं गॅस जास्त देतं. पन्ना गटात दोन्हींची सरमिसळ आहे.

आच येते कुठून? पृथ्वीच्या पोटातून. सरासरी काढली तर दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. पण सरासरीवर भागत नाही. कवच ताणून पातळ झालं की खालचा तप्त भाग वर सरकतो आणि खोरं आपल्या जन्माच्या वेळी जास्त गरम असतं. पुढे कोट्यवधी वर्षं ते हळूहळू निवत जातं. ब्रिटिश शास्त्रज्ञ डॅन मॅकेंझी यांनी १९७८ मध्ये हे निवणं आणि खचणं एका सुटसुटीत गणितात मांडलं. कवच किती पट ताणलं गेलं हा आकडा दिला, की कुठल्या काळी किती उष्णता वर येत होती याचा अंदाज ते गणित देतं. जगभरच्या किनाऱ्यालगतच्या खोऱ्यांची मॉडेलं आजही त्यावर उभी आहेत.

मंद आचेवर बराच वेळ ठेवलं किंवा मोठ्या आचेवर थोडा वेळ, पदार्थ शिजतो. केरोजेनचंही तसंच. सोव्हिएत भूवैज्ञानिक लोपातिन यांनी १९७१ मध्ये एक ढोबळ नियम सुचवला: दर १० अंशांनी तापमान वाढलं की शिजण्याचा वेग दुप्पट होतो. आता त्याऐवजी रासायनिक अभिक्रियांचं नेमकं समीकरण वापरतात. केरोजेनमधले बंध एकसारखे नसतात. काही लवकर तुटतात, काही चिवट असतात. म्हणून एका नमुन्यासाठी एकाच आकड्याऐवजी आकड्यांचा पूर्ण पट्टा द्यावा लागतो.

इथे जरा थांबायला हवं, कारण या गणिताचं धाडस सहसा नजरेआड होतं. ते आकडे मिळतात प्रयोगशाळेत. खडकाचा चिमूटभर चुरा भट्टीत घालून मिनिटाला साधारण २५ अंशांनी तापवतात आणि किती वायू निघतो ते मोजतात. निसर्गात तोच खडक दहा लाख वर्षांत दोन-चार अंशांनी तापतो. दोन वेगांतली तफावत काढली तर ती चार लाख कोटी पटींच्या घरात जाते. अर्ध्या तासाच्या प्रयोगावरून दोन-तीन कोटी वर्षांचं भाकीत करायचं असतं. इतकी लांब उडी मारूनही ते बऱ्यापैकी जुळतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मात्र ते आपोआप जुळत नाही. ते पडताळावं लागतं.

पडताळणीचं सर्वांत विश्वासू साधन म्हणजे लाकडाचे सूक्ष्म कण, व्हिट्रिनाइट. खडक तापत जातो तसे हे कण अधिक चकचकीत होतात, आणि एकदा आलेली चकाकी पुन्हा जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरून किती टक्के प्रकाश परत येतो ते मोजतात. ०.६ टक्क्याच्या आसपास तेल सुटू लागतं, १.३ टक्क्यांपर्यंत तेलाचा काळ जवळपास संपतो. म्हणजे प्रत्येक खडकात त्याने आजवर सोसलेल्या आचेची नोंद आहे. मॉडेलने काढलेली चकाकी आणि विहिरीतल्या नमुन्याची चकाकी जुळली नाही, तर मॉडेल चुकलं. विहिरीच्या तळाचं तापमानही तपासतात, पण खोदताना ओतलेल्या चिखलामुळे विहीर थंड झालेली असते, म्हणून ते मोजमाप दुरुस्त करूनच वापरावं लागतं.

किती तेल निघेल याचा कच्चा हिशेब कुणालाही कागदावर मांडता येतो. समजा एक चौरस किलोमीटर क्षेत्रात ५० मीटर जाडीचा स्रोत-खडक आहे. घनमीटरला २.४ टन धरलं तर त्याचं वजन १२ कोटी टन झालं. त्यात सुरुवातीला ३ टक्के जैविक कार्बन होता, म्हणजे ३६ लाख टन. प्रत्येक ग्रॅम कार्बनमागे जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम तेल-गॅस निघू शकत असेल, तर होतात १०.८ लाख टन. त्यातलं निम्मं शिजलं असेल, तर ५.४ लाख टन. अशी हजार चौरस किलोमीटरची चूल असेल, तर ५४ कोटी टन. आकडा बघून डोळे दिपतात. पण यातलं सापळ्यात पोचून आजपर्यंत टिकलेलं प्रमाण बऱ्याचदा दहा टक्क्यांच्याही आत येतं. उरलेलं जातं कुठे, हेच पुढच्या अर्ध्या भागात पाहायचं आहे.

छपराखालून उलटं वाहणारं पाणी

पहिली अडचण घरातून बाहेर पडण्याची. चिखलखडकाची छिद्रं इतकी बारीक असतात की सुटलेलं तेल आधी त्यांतच अडकून राहतं. जागा भरली, दाब वाढला, की ते बाहेर ढकललं जातं. कोळसा तर तेलाला सहजासहजी सोडतच नाही, चिकटवून ठेवतो. ते तेल पुढे आतल्या आत तुटतं आणि गॅस होऊन निघतं. पन्ना गटात कोळसा असल्याने मॉडेलमध्ये ही बाब सोडून चालत नाही.

बाहेर पडलेलं तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर सरकतं. वर झाकणथर आडवा आला की त्याच्या खालच्या पृष्ठभागाला धरून, जिथे चढ असेल तिकडे जातं. कौलारू छपरावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हाळीकडे धावतं. ते चित्र उलटं करा: तेल छपराच्या आतल्या बाजूने आढ्याकडे धावतं. आपण नदीचं पाणलोट क्षेत्र नकाशावर काढतो, तसंच थराचा नकाशा उलटा धरून तेलाचं पाणलोट क्षेत्र काढता येतं. कुठल्या चुलीतलं तेल कुठल्या घुमटात जाईल, हे यातून कळतं. संगणकाला हे काम अगदी थोड्या वेळात जमतं. दाबाची पूर्ण समीकरणं सोडवायला बसलं तर त्याच नकाशाला कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून दोन्ही पद्धती मिसळून वापरतात.

प्रत्यक्षात तेल सगळा थर भिजवत जात नाही. ते सर्वांत मोठी, सर्वांत सोपी छिद्रं निवडत बारीक धारेने सरकतं, जसं विहिरीच्या भिंतीतून पाणी नेमक्या दोन-चार ठिकाणीच पाझरतं. म्हणून ज्या वाटेने लाखो टन तेल गेलं, तिच्या दहा मीटर बाजूला खोदलेल्या विहिरीत तेलाचा वासही नसू शकतो.

घुमट भरला की ओसंडतो, आणि जास्तीचं तेल त्याच्यापेक्षा उंच असलेल्या पुढच्या घुमटाकडे निघतं. कॅनडातले भूवैज्ञानिक विल्यम गुसो यांनी १९५४ मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. घुमटांची अशी साखळी असेल आणि खालून गॅसही येत असेल, तर गॅस हलका असल्याने प्रत्येक घुमटाच्या माथ्याशी बसतो आणि तेलाला खालून बाहेर रेटतो. परिणाम असा की चुलीजवळच्या खोल घुमटांत गॅस राहतो आणि तेल लांबच्या, उंच घुमटांत पोचतं. फक्त खोल सापळेच तपासून 'इथे नुसता गॅस आहे' असं म्हणणं म्हणूनच घाईचं ठरू शकतं.

आता क्रमाचा प्रश्न मुंबई हायला लावून पाहू. एल-थ्रीचा चुनखडक मायोसीन कालखंडाच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे साधारण २.३ ते १.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान साचला. त्याला झाकणारा चिखलथर त्याच्यानंतरचा. तेव्हा आज तिथे जे तेल आहे, ते झाकण बसल्यानंतरच आलेलं असणार. त्याआधी चुलीतून जे निघालं असेल, ते दुसऱ्या जुन्या थरांत थांबलं किंवा समुद्रात गेलं. सुदैवाने आजूबाजूच्या खोल भागांत नंतरच्या काळात भरपूर गाळ पडला, पन्नाचे खडक आणखी खाली गेले, आणि झाकण बसल्यावरही चूल पेटती राहिली. भारताच्या तेलाच्या इतिहासाला ज्याने वळण दिलं, ते क्षेत्र या वेळापत्रकामुळे भरलेलं आहे.

झाकण किती पेलतं

गळती ही अपवादाने घडणारी दुर्घटना आहे असं आपण समजतो. भूशास्त्राच्या काळमापात बघितलं तर गळती हाच नियम आहे. तेलक्षेत्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेला रांजण. वरून धार येतेय तोवर भरलेला दिसतो. धार थांबली की किती काळ भरलेला राहील, हे भोकाच्या आकारावर ठरतं.

झाकणथर तेलाला रोखतो, कारण त्याची पाण्याने भरलेली छिद्रं फार बारीक असतात आणि त्यांत शिरायला तेलाला ठरावीक दाब लागतो. तो दाब पुरवतो खाली साचलेला तेलाचा स्तंभ. तेल आणि खारं पाणी यांच्या घनतेत घनसेंटिमीटरमागे ०.२ ग्रॅमचा फरक धरला, तर १०० मीटर उंचीचा स्तंभ माथ्याशी साधारण २ बार (एक बार म्हणजे जवळपास आपल्यावरच्या हवेइतका दाब) जास्तीचा दाब देतो. गॅस त्याहून कितीतरी हलका. तितक्याच उंचीचा गॅसचा स्तंभ ८ ते ९ बार देतो. म्हणजे १० बार पेलणारं झाकण ५०० मीटर तेल धरून ठेवेल, पण गॅस मात्र सव्वाशे मीटरच्या आतच. गॅस आणि पाणी यांच्यातला पृष्ठताण थोडा जास्त असल्याने प्रत्यक्ष गणित इतकं सरळ राहत नाही, पण कल कळतो: गॅस झाकणाची परीक्षा घेतो.

दुसऱ्या प्रकारची गळती अधिक दांडगी असते. खोल चिखलथरांतलं पाणी वेळेवर बाहेर पडलं नाही, तर छिद्रांतला दाब वाढत वाढत खडकाच्या ताकदीपलीकडे जातो. मग झाकण चिरतं, वायू उसळून वर जातो, दाब उतरतो, चीर मिटते. पुन्हा दाब साठतो. भूकंपलहरींच्या चित्रांत अशा जागी थरांच्या रेषा विस्कटलेल्या, धुरकट दिसतात. त्यांना 'गॅस चिमणी' म्हणतात. तिसरी वाट म्हणजे भ्रंश, खडकातली भेग. एकच भ्रंश काही काळ अडवतो आणि हलला की वाट देतो. मॉडेलमध्ये हा सर्वांत निसरडा भाग आहे. भ्रंशाला आकडा देणाऱ्याने तो का दिला हे लिहून ठेवलं नाही, तर बाकीच्या गणिताच्या काटेकोरपणाला अर्थ उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

गळतीने काय होतं याचं सर्वांत महागडं उदाहरण अलास्काच्या उत्तरेला, ब्यूफोर्ट समुद्रात आहे. प्रूडो बे हे प्रचंड क्षेत्र १९६८ मध्ये सापडलं होतं. त्याच्या वायव्येला मक्लक नावाचा भलामोठा सापळा दिसला. तेल कंपन्यांनी समुद्राचे पट्टे मोठ्या बोली लावून घेतले, खडी टाकून कृत्रिम बेट उभारलं आणि १९८३ मध्ये विहीर खोदली. पट्ट्यांसकट खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला होता. खडक होता, सापळा होता, आणि खडकावर तेलाचे डागही होते. पण छिद्रांत पाणी होतं. तेल आलं होतं आणि निघूनही गेलं होतं. आपण योग्य जागी खोदलं, फक्त तीन कोटी वर्षं उशिरा, असं त्या मोहिमेतल्या कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने नंतर म्हटलं. सापळा कधी तयार झाला हा प्रश्न सगळ्यांनी विचारला होता. तो कधी फुटला किंवा कलला, हा प्रश्न मागे राहिला.

नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेन्ट्स समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. हिमयुगांत हिमनद्यांनी तिथली जमीन खरवडून काढली, आणि आधीचं उत्थान, म्हणजे जमिनीचं वर उचललं जाणं, धरून काही भागांत एक-दोन किलोमीटर जाडीचे थर नाहीसे झाले. याचे तीन परिणाम होतात. खडक वर आला, थंड झाला, चूल विझली. वरचं ओझं गेल्याने दाब उतरला आणि साठलेला गॅस फुगला. दाब निम्मा झाला की गॅस जवळपास दुप्पट जागा मागतो. आणि झाकणाचा खडक ताण कमी झाल्याने चिरला. १९८४ मध्ये सापडलेल्या स्नोव्हिट क्षेत्रात आज मुख्यतः गॅस आहे, खाली तेलाचा पातळ थर आहे, आणि त्याच्याही खाली जुन्या तेलाच्या खुणा आहेत. फुगलेल्या गॅसने तेलाला रेटून बाहेर काढलं, ही तिथली गोष्ट. मात्र इतकी पडझड होऊनही २०१३ मध्ये विस्टिंग इथे समुद्रतळाखाली अवघ्या २५० मीटरवर तेल सापडलं. झाकण पातळ होतं, तरी टिकलं. त्याच समुद्राच्या तळाशी शंभराहून अधिक विवरं आहेत, काही तर किलोमीटरभर रुंद. हिमयुग संपताना, सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी, गोठून बसलेला मिथेन सुटून ती झाली, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं आहे.

आजही तेल समुद्रात आपणहून पाझरतं. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळच्या कोल ऑइल पॉइंटला दिवसाला साधारण १०० बॅरल तेल तळातून वर येतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ मध्ये जगभरच्या नैसर्गिक पाझराचा अंदाज वर्षाला सुमारे ६ लाख टन धरला होता. माणसाने सांडलेलं तेल यामुळे क्षम्य ठरत नाही. निसर्गातला पाझर थेंबाथेंबाने, पसरून आणि जीवाणूंना पचेल अशा गतीने होतो. टँकर फुटतो तेव्हा सगळं एका जागी, एका दिवसात येतं. उपग्रहाच्या रडार चित्रात तेलाचा तवंग काळा दिसतो, कारण तेलामुळे लहान लाटा मंदावतात. जहाजं तिथून जात असोत वा नसोत, महिनोन् महिने त्याच जागी तवंग येत राहिला, तर खाली पाझर असणार. मॉडेल करणाऱ्यासाठी ही अनमोल बातमी असते: इथली चूल पेटली होती, आणि वाट उघडी आहे.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या आगेमागे डांबराचे गोळे येतात, तेव्हा ते कुठले हा प्रश्न दरवर्षी निघतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचं रासायनिक पृथक्करण केलेलं आहे. तेलात त्याला जन्म देणाऱ्या जिवांचे काही रेणू शिल्लक राहतात. ओलिअनेन नावाचा रेणू सपुष्प वनस्पतींकडून येतो. असे रेणू आणि त्यांची प्रमाणं बघून कुठलं तेल कुठल्या स्रोताचं हे ताडता येतं. गोळा किनाऱ्यावर सापडो वा तेल विहिरीत, ओळख पटवण्याची रीत तीच. मॉडेलने सांगितलेली वाट खरी आहे का, हेही याच रीतीने तपासतात.

मग शेवटी विहीर खोदायची की नाही? एकच उत्तर देणारं मॉडेल बघितलं की मी सावध होते. चांगल्या कामात आच, झीज, भ्रंश, झाकण यांचे आकडे त्यांच्या मर्यादेत बदलत शेकडो-हजारो वेळा इतिहास पुन्हा घडवतात आणि किती वेळा सापळा भरलेला उरला ते मोजतात. उदाहरण म्हणून, स्रोत चालला असण्याची शक्यता ०.८, सापळा असण्याची ०.७, झाकण टिकल्याची ०.५, वेळ जुळल्याची ०.६ धरली, तर गुणाकार येतो ०.१७च्या आत. प्रत्येक बाब स्वतंत्रपणे बरी वाटते, एकत्र धरली की सहात एक संधी उरते.

या सगळ्या गणिताला एक मोठी उणीव होती. हलका द्रव खडकातून वर चढताना कुणी पाहिलेला नव्हता. ती संधी उत्तर समुद्रात मिळाली. १९९६ पासून नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या उत्सिरा नावाच्या वाळूच्या थरात सोडला जाऊ लागला. तो वातावरणात जाऊ नये, गाडलेला राहावा, हा हेतू. सोडण्याची जागा साधारण एक किलोमीटर खोल, आणि वर जाड चिखलथराचं झाकण. वाळूच्या आत मीटरभर जाडीचे चिखलाचे पापुद्रे होते. वायू त्यांच्याखाली बराच काळ अडून राहील असं मानता आलं असतं. १९९९ मध्ये भूकंपलहरींचं सर्वेक्षण पुन्हा केलं, तेव्हा चित्रात एकावर एक नऊ थर झळकत होते. वायू प्रत्येक पापुद्र्याखाली पसरून, त्यातून वाट काढत, तीन वर्षांत सुमारे दोनशे मीटर चढून वाळूच्या माथ्याशी पोचला होता. प्रयोगशाळेत चिखलखडकाच्या तुकड्यावर मोजलेल्या दाबावरून वाटलं असतं, त्यापेक्षा त्याला वाट फार सहज मिळाली होती. वरच्या जाड झाकणाखाली मात्र तो थांबला, आणि तिथे आडवा पसरू लागला. तेव्हापासून पातळ थरांना मॉडेलमध्ये कुठला आकडा द्यायचा, यावर नव्याने काम चालू आहे.